मॉडर्न पेंटिंग कळत नाही असं वाटत असेल तर असं बघा

इझमची, म्हणजे चित्रकलेतल्या वेगवेगळ्या शैली-चळवळींच्या नावांची, यादी पाठ करत बसू नका, दोन दिवसांत सगळं विसरायला होतं. त्यापेक्षा एकच चित्र घ्या, दहा मिनिटं नीट बघा आणि शोधा की जुन्या चित्रकारांनी पिढ्यानपिढ्या पाळलेला कुठला नियम ह्याने मोडलाय. तो सापडला की इझमचं नाव आपोआप लक्षात राहतं.

सुरुवात फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ च्या 'इम्प्रेशन, सनराइज'पासून करा. मोबाईलवर झूम केलंत तर होड्या म्हणजे नुसते ब्रशचे चार फटकारे दिसतील. आता तोच फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा... केशरी सूर्य जवळपास गायब! कारण तो मागच्या आभाळाइतकाच उजळ आहे, फरक आहे तो फक्त रंगाचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा फिल्टर काढून लावून चारदा बघितलं. १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं, एका समीक्षकाने त्याच्या नावावरूनच सगळ्यांची खिल्ली उडवली आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव कायमचं चिकटलं.

मग सेझान, आणि इथे अजिबात घाई नको. त्याचं सफरचंदांच्या टोपलीचं चित्र, 'द बास्केट ऑफ ॲपल्स', उघडा आणि टेबलाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवत न्या, पांढऱ्या कापडाखाली कड लपते आणि पलीकडे निघते ती वेगळ्याच उंचीवर, बाटलीही कललेली. म्हणजे एकाच जागेवरून बघून चित्र काढायचं हा नियमच गेला. आता पिकासोचं १९०७ चं 'द देमोआझेल द आव्हिन्यों' बघा, उजवीकडे खाली बसलेल्या बाईची पाठ आपल्याकडे आणि चेहरा पण आपल्याकडेच! पुढे ब्राक आणि पिकासोने मिळून हेच ताणत नेलं, तोच क्युबिझम.

मातिसचं सोपं आहे, १९०५ च्या 'वुमन विथ अ हॅट'मध्ये चेहऱ्यावर चक्क हिरवा रंग, तो फोव्हिझम. मालेविचने १९१५ मध्ये वस्तूच काढून टाकल्या, उरला काळा चौकोन.

पोलॉक मात्र मोबाईलवर बघून ठरवू नका. कॅनव्हास जमिनीवर पसरून, त्याच्याभोवती फिरत तो रंग ओतायचा आणि 'वन: नंबर ३१, १९५०' तर पाच मीटरहून रुंद आहे. असं चित्र कधी समोर आलं तर एकच काळी रेघ पकडा आणि हात कुठून कुठे गेला असेल ते बघत तिच्यासोबत चालत जा.