जीन आहे पण झोन नाही? दह्यातल्या स्ट्रेनचं सिक्रिशन असं तपासा

जळगाव-धुळ्याकडे मायक्रोबायोलॉजीच्या पोरांचा प्रोजेक्ट बहुतेकदा ठरलेला, म्हशीच्या दह्यातून लॅक्टिक जिवाणू काढायचे आणि बॅक्टेरिओसिन (दुसऱ्या जिवाणूंना मारणारं पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रोटीन) बघायचं. पीसीआरमध्ये (डीएनएतला जीन शोधायची चाचणी) त्याचा जीन दिसतो पण प्लेटवर झोन (दुसरा जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) येत नाही की स्ट्रेन सरळ ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे फेकण्यात जातो, असं करू नका राव, पेप्टाइड बाहेर काढायचे जीन वेगळे असतात, ते बघा आधी.

पण त्याआधी पेशी धुऊन बघा. पीएच ६ च्या आसपास बरीच बॅक्टेरिओसिन्स बाहेर येऊन स्वतःच्याच पेशींना चिकटून बसतात, म्हणून पेशी पीएच २ च्या मिठाच्या पाण्यात फ्रिजच्या तापमानाला तासभर ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ६.५ ला आणून मग प्लेटमधल्या वेलमध्ये (खड्ड्यात) टाका. झोन आला तर प्रोटिनेज के (प्रोटीन कापणारं एन्झाइम) लावून जातो का तेही बघा, गेला तरच तो पेप्टाइडचा.

तरी नाही आला तर शेजारचे जीन. पेडिओसिन या बॅक्टेरिओसिनमध्ये पेड-ए म्हणजे पेप्टाइड, बी इम्युनिटी (स्वतःच्याच पेप्टाइडपासून बचाव), सी मदतनीस, आणि डी हा एबीसी ट्रान्सपोर्टर, म्हणजे पेप्टाइड बाहेर ढकलणारा पंप. डीचा पुढचा भाग पेप्टाइडच्या तोंडाला असलेल्या लीडर तुकड्यातल्या दोन ग्लायसीननंतर कापतो आणि बाकीचा बाहेर ढकलतो, म्हणजे डी बिघडला तर दोन्ही कामं ठप्प. निसिन या दुसऱ्या बॅक्टेरिओसिनचं तसं नाही, तिथे निस-टी ढकलतो आणि बाहेर निस-पी कापतो, त्यामुळे निस-पी गेला तर निसिन बाहेर येतं पण लीडर अंगावर असल्यामुळे मारत नाही. आणि शेजारी ट्रान्सपोर्टर सापडलाच नाही तर लगेच निकाल देऊ नका, एंटेरोसिन पी पेशीच्या नेहमीच्या सेक वाटेनेच बाहेर जातं.

आता आपल्याकडची खरी भानगड, मे महिना. लॅक्टोकोकसला ३० डिग्री लागतं, साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, खोलीच ४२ वर असेल तर आतही तेवढंच, तेव्हा कूलिंगवाला बीओडी इनक्युबेटरच वापरा. पेडिओसिन, लॅक्टोकॉक्सिन ए यांचे जीन प्लाझमिडवर (मुख्य डीएनएपासून वेगळं छोटं डीएनए) असतात आणि जास्त तापमानात वाढवलं की प्लाझमिड गळू शकतं. शंका आली तर जुन्या ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून ठेवलेला साठा) वाढवलेल्या कल्चरचं सुपरनेटंट (पेशी काढलेलं वरचं पाणी) या शंकेच्या कल्चरवर टाका. कल्चर मेलं तर इम्युनिटीही गेलेली, म्हणजे अख्खं प्लाझमिड गेलंय, ट्रान्सपोर्टर शोधत बसू नका, स्टॉकमधून नवीन कॉलनी काढा.