मोटर वर काढण्याआधी: कंडेन्सर तपासायचा घरगुती मीटर

तासगाव-पलूस भागात बोअरची सिंगल फेज मोटर घुं घुं करून ट्रिप झाली, की पहिला संशय वाइंडिंगवर जातो. माणसं लावून पाइपसकट मोटर वर काढली जाते, आणि दोष निघतो पॅनेलमधल्या कंडेन्सरचा, म्हणजे कपॅसिटरचा. बऱ्याच स्वस्त मल्टीमीटरना कपॅसिटरची रेंजच नसते, म्हणून हा मीटर.

सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), १ टक्का टॉलरन्सचा १० किलोओहम आणि साधा ४७० ओहम रेझिस्टर, डिस्चार्जसाठी १० किलोओहम ५ वॉटचा वायरवाउंड, दोन क्रोकोडाइल क्लिपा. आकडा लॅपटॉपवर दिसला तरी पुरे.

पिन ८ पासून १० किलोओहम घेऊन पहिल्या क्लिपला जोडा. त्याच क्लिपवरून एक वायर थेट ए-० ला (व्होल्टेज मोजणारी पिन) न्या आणि ४७० ओहममधून दुसरी पिन ९ ला. दुसरी क्लिप ग्राउंडला.

प्रोग्रॅमने आधी पिन ९ आउटपुट-लो करून ए-० वर शून्य येईपर्यंत थांबायचं, मग ती पिन इनपुट करायची. आता पिन ८ हाय करा, वेळ मोजायला सुरुवात करा आणि ए-० चा आकडा १०२३ पैकी ६४७ झाला की थांबा. हे ६३.२ टक्के, म्हणजे एक टाइम कॉन्स्टंट (ओहम गुणिले फॅरड इतका वेळ). मायक्रोसेकंद भागिले ओहम, उत्तर थेट मायक्रोफॅरडमध्ये: ५,००,००० भागिले १०,००० म्हणजे ५०. यूएसबीचा व्होल्टेज ५ ऐवजी ४.७ असला तरी बिघडत नाही, कारण तुलनाही त्याच व्होल्टेजशी होते. रेझिस्टरची किंमत मात्र मल्टीमीटरने मोजून तीच प्रोग्रॅममध्ये घाला. पाच सेकंदांत ६४७ गाठलं नाही तर मोजणी थांबवून 'शॉर्ट किंवा लीक' दाखवा, नाहीतर मीटर तिथंच अडकतो.

लहान कपॅसिटरसाठी पिन ७ पासून पहिल्या क्लिपपर्यंत १ मेगाओहम वाढवा आणि पिन ८ ऐवजी पिन ७ हाय करा. ए-० च्या एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. १० किलोओहमवर ०.१ मायक्रोफॅरड एका मिलिसेकंदात भरतो, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत चूक. मेगाओहमवर त्यालाच १०० मिलिसेकंद मिळतात. इथं हमखास घोळ होतो तो पिन ८ चा: ती इनपुट केली नाही आणि लो राहिली, तर कपॅसिटर कधीच भरत नाही.

मोजण्याआधी मेन स्विच बंद करा, कंडेन्सरच्या दोन्ही वायरी सोडवा आणि ५ वॉटचा रेझिस्टर, त्याच्या उघड्या टोकांना हात न लावता, टर्मिनलवर पाच सेकंद धरा. मग मल्टीमीटरच्या डीसी रेंजवर शून्य आहे ना, ते बघाच. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय वाईट, टर्मिनल जळतं. आणि चार्ज राहिलेला कंडेन्सर जोडला, की नॅनो गेलाच.

लेबलवर ३६ मायक्रोफॅरड, टॉलरन्स ५ टक्के असेल तर ३४.२ ते ३७.८ ठीक. रन कंडेन्सरचे (मोटर चालू असेपर्यंत जोडलेला राहणारा) मायक्रोफॅरड हळूहळू उतरतात, कारण आतल्या फिल्मला पंक्चर झालं की तिथला धातूचा थर उडून तेवढा भाग बाद होतो. आकडा लेबलपेक्षा बराच जास्त आला तर खूश होऊ नका: कंडेन्सर लीक असला की भरायला जास्त वेळ लागतो आणि मीटर तो वेळ मायक्रोफॅरड म्हणून मोजतो.

ही तपासणी ५ व्होल्टवरची आहे. ४४० व्होल्टचा कंडेन्सर लोडवर फुटतो का, हे तिला कळत नाही. आकडा बरोबर येऊनही मोटर उचलत नसेल, तर त्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टेजचा दुसरा रन कंडेन्सर लावून बघा. रनच्या जागी स्टार्टचा (फक्त मोटर सुरू होताना लागणारा) लावू नका, तो काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. तरीही घुं घुं सुरूच राहिली, तर केबल, सप्लायचा व्होल्टेज तपासा आणि मगच मोटर वर काढणाऱ्यांना बोलवा.