पहिल्या वर्षी मधाचा नाद सोडा

मे महिन्यात मधमाश्यांच्या माझ्या पहिल्या पेटीतून दोन किलो मध निघाला. घरभर कौतुक झालं, बाटल्या भरून पाहुण्यांना दिल्या. श्रावणात झाकण उघडलं तर आत एक माशी नाही. पोळ्याच्या चौकटींवर मेणकिड्याची पांढरी जाळी, तळाला काळा भुसा.

शेजारच्या तात्यांनी चाळीस वर्षं सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, पाळली. ते म्हणाले, "पोरा, ती रुसून नाही गेली, उपाशी होती म्हणून गेली. तिची पावसाळ्याची बेगमी तू पाहुण्यांना वाटलीस."

आमचा भाग घाटमाथ्याचा. जांभूळ, हिरडा फुलला की पेट्या भरतात. पण पाऊस लागला की माशीला बाहेर पडता येत नाही आणि आधीच साठवलेल्या मधावर तिला दिवस काढावे लागतात. म्हणून नवख्याची परीक्षा जून ते सप्टेंबर. मे महिन्यात यश सगळ्यांनाच येतं.

आता मी काय करतो? पिल्लाकोठीतल्या, म्हणजे जिथे माश्या पिल्लं वाढवतात त्या कप्प्यातल्या, मधाला हात लावत नाही. पावसात साठा कमी वाटला तर साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक करतो, थंड झाल्यावर संध्याकाळी पेटीच्या आत ठेवतो. वाटीत काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडतात. दिवसा पाक सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या, काळ्या पडलेल्या चौकटी काढून टाकायच्या. मेणकिडा तिथेच शिरतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तरी भोवतीचं गवत कापा. पेटीला टेकलेलं एक पातंसुद्धा मुंग्यांना पूल म्हणून पुरतं.

सुरुवातीला मी प्रत्येक वेळी राणी शोधत बसायचो. गरज नाही. ऊन पाठीवर घेऊन चौकट तिरकी धरा. पोळ्यातल्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, उभं पांढरं अंडं दिसलं की तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी होती, हे नक्की. झाकण लावा.

डंख बसणारच. नांगी नखाने लगेच खरवडून काढा आणि त्या जागी धूर द्या, कारण डंखाच्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात. मात्र अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल तर तडक दवाखाना गाठा आणि हा नाद सोडा.

प्रशिक्षणाशिवाय पेटी घेऊ नका, हे मी स्वतः उलट करून शिकलो. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्यांच्या योजनेत साहित्यावर 50 टक्के अनुदान मिळतं. जवळच मांघर आहे, 2022 साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं. तिथे एक दिवस नुसतं बघायला जा. आणि पेटी एक नको, दोन घ्या. एक बिघडली की दुसरीशी ताडून बघता येतं.

यंदा पावसात मी झाकण फारसं उघडत नाही. उघडीप मिळाली की दारासमोर बसतो. पायाला परागाचे पिवळे गोळे लावून माश्या आत शिरताना दिसल्या की आत पिल्लं वाढतायत असं समजतो आणि चहा प्यायला घरात जातो.