टेक, गेम आणि बातम्यांवर ऑनलाइन वाद घालताना या चुका टाळा

‘या गेमचं ऑप्टिमायझेशन भिकार आहे, अडखळत चालतो.’
‘माझ्याकडे तर एकदम स्मूथ चालतो. तुझा पीसीच जुना असेल.’

इथून पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. पण खोटं दोघांपैकी कुणीच बोललेलं नसतं. पहिला ४के रिझोल्यूशनवर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारी, मशिनवर फार भार टाकणारी सेटिंग) चालू ठेवून खेळतोय, दुसरा त्याहून कमी बारकाव्याच्या १०८०पी वर अपस्केलिंग लावून, म्हणजे लहान चित्र मोठं करून भार हलका करत. दोघांनी आपापली सेटिंग पहिल्याच वाक्यात सांगितली असती, तर भांडायला काही उरलं नसतं. ‘रे ट्रेसिंग बंद करून बघ’ एवढ्या एका ओळीत पहिल्याचं काम झालं असतं.

ऑनलाइन चर्चा बिघडतात त्या लोकांच्या उद्धटपणामुळे, असं सहसा म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. उद्धटपणा बहुतेक वेळा नंतर येतो. त्याआधी दाव्यामागची अट गळालेली असते: कोणत्या मशिनवर, कोणत्या व्हर्जनमध्ये, कोणत्या तारखेला, कुणी स्वतः पाहिलं. अट गळाली की अर्धं खरं वाक्य पूर्ण सत्य म्हणून समोर येतं, आणि ज्याचा अनुभव वेगळा आहे त्याला ते थेट खोटं वाटतं.

आकडा एकटा सोडू नका

‘१०० चा इंटरनेट प्लॅन घेतलाय आणि डाउनलोड १२ च्या वर जात नाही’ ही तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. प्लॅनमधले १०० हे मेगाबिट असतात आणि ब्राउझर डाउनलोडचा वेग दाखवतो तो मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे त्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट येणार. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते तेही असंच. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. जागा कुणी खाल्लेली नाही. अशा वादात एकक विचारलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

गेममधला सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) संख्या, जास्त फसवा आहे. समजा एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यातल्या ५९ फ्रेम ८०० मिलिसेकंदांत आल्या आणि उरलेल्या एकीने एकटीने २०० मिलिसेकंद घेतले. सरासरी ६० च भरते, पण खेळणाऱ्याला त्या क्षणी झटका बसतो आणि त्याची तक्रार पूर्ण खरी असते. त्याला सरासरीचा स्क्रीनशॉट तोंडावर मारून काही सिद्ध होत नाही. म्हणून सरासरीबरोबर १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा आकडाही सांगावा. ‘एफपीएस दुप्पट झाला’ या वाक्याचंही तसंच. ३० वरून ६० वर गेलात तर प्रत्येक फ्रेममागे सुमारे १६.७ मिलिसेकंद वाचतात, १२० वरून २४० वर गेलात तर जेमतेम ४.२. दुप्पट दोन्हीकडे आहे, पण हाताला जाणवणारा फरक सारखा नाही.

मदत मागतानाही हीच चूक होते आणि तिथे ती जास्त महागात पडते. ‘गेम क्रॅश होतोय, प्लीज हेल्प’ यावर कुणी काय सांगणार? मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन, ग्राफिक्स ड्रायव्हरचं (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन, एरर जशीच्या तशी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रॅश सुरू होण्याच्या आधी काय बदललं, एवढं द्या. मुळात काय करायचंय तेही सांगा. ‘ही फाइल कशी डिलीट करू?’ असं विचारणाऱ्याला खरं तर डिस्कवर जागा हवी असते आणि त्याचा उपाय भलताच असतो. कुणी सांगितलेले उपाय करून बघताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने काम झालं ते कधीच कळत नाही. आणि कळकळीने सांगतो, ‘झालं, सॉल्व्ह’ एवढं लिहून गायब होऊ नका. दोन वर्षांनी तीच एरर घेऊन कुणीतरी शोधत येतो आणि त्याला फक्त तेवढीच ओळ सापडते. उपाय लिहायला दोन मिनिटं लागतात.

जुनं मत आजचं म्हणून खपवू नका

डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गेम आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती, की आठवडाभरातच सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला. जून २०२१ मध्ये तो परत आला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने त्यातली कौशल्यांची रचना आणि पोलिसांची वागणूक बदलून टाकली. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, पण लोकांना जसा हवा होता तसा मल्टिप्लेअर (इतरांबरोबर एकत्र खेळण्याची सोय) त्यात आला जुलै २०१८ मध्ये. आज या दोन गेमवर वाद होतो तेव्हा एकजण पहिल्या आठवड्यातल्या गेमबद्दल बोलत असतो आणि दुसरा गेल्या महिन्यातल्या. नाव तेच, गेम वेगळा.

पहिल्या दिवशी पैसे मोजून तुटका गेम घेतलेल्या माणसाचा राग रास्त आहे आणि तो मांडलाही पाहिजे. फक्त ‘मी लाँचच्या वेळी खेळलो होतो’ हे शब्द सोबत असू द्या. फोनच्या अपडेटबद्दलही हेच. मोठ्या अपडेटनंतर फोन बराच वेळ मागच्या मागे फोटो आणि फाइल्सचं इंडेक्सिंग (शोधण्यासाठी यादी) करत बसतो, तापतो, बॅटरी उतरते. त्या संध्याकाळी लिहिलेलं ‘अपडेटने फोनची वाट लावली’ आठवड्याने खरं असेलच असं नाही. थोडं थांबा, मग लिहा.

पहिल्या तासात कारण ठरवू नका

१९ जुलै २०२४ रोजी जगभर विंडोजच्या मशिनवर निळी स्क्रीन आली. विमानं अडकली, रुग्णालयांची आणि बँकांची कामं खोळंबली. सुरुवातीच्या काही तासांत हा सायबर हल्ला आहे असं छातीठोकपणे सांगणारे होते, मायक्रोसॉफ्टला शिव्या घालणारेही होते. दोष निघाला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशिनना त्याचा फटका बसला. ‘मशिन बंद पडल्यात’ ही त्या सकाळची माहिती होती. ‘हल्ला झालाय’ हा अंदाज होता. दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं की वाचणाऱ्याला सांधा दिसत नाही.

कंपनीबद्दलचा चुकीचा अंदाज निस्तरता येतो, माणसाबद्दलचा नाही. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या साइटवर लोक गर्दीचे फोटो चाळून संशयित शोधू लागले. त्यातून एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव पसरलं. त्याचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता. घरचे आधीपासून त्याच्या शोधात होते, आणि त्या काळजीत त्यांच्यावर हे येऊन पडलं. रेडिटने नंतर कुटुंबाची जाहीर माफी मागितली. त्यामुळे या बाबतीत मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही: तपास करणाऱ्यांनी जाहीर केलेलं नसेल तर सामान्य माणसाचं नाव, फोटो, पत्ता चर्चेत आणायचा नाही. ‘मी फक्त विचारतोय’ असं म्हणूनही नाही.

क्लिप टाकण्याआधी ती बघा

‘आर्मा ३’ या २०१३ च्या लष्करी गेममधल्या चित्रफिती खऱ्या युद्धाच्या म्हणून इतक्या फिरल्या, की नोव्हेंबर २०२२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीला निवेदन काढून त्या कशा ओळखायच्या ते सांगावं लागलं. त्यांनी दिलेल्या खुणा आजही उपयोगी आहेत. चित्र फार धूसर असतं, कॅमेरा हलता असतो, दृश्य बहुतेकदा रात्रीचं असतं, आवाज नसतो आणि हालचाल करणारी माणसं जवळपास दिसत नाहीत. धूर, धूळ, स्फोटाची आग यांच्याकडे नीट बघा. गेममधला धूर खऱ्यासारखा पसरत नाही. गेम खेळणाऱ्यांना हे चटकन दिसतं, म्हणून त्यांनी अशा ठिकाणी गप्प बसू नये. एरवी ज्या ज्ञानाला कुणी किंमत देत नाही, त्याचा इथे थेट उपयोग आहे.

फोटोचं तंत्र आणखी सोपं असतं. पूर आलेल्या रस्त्यावर पोहणारा शार्क २०११ पासून दर मोठ्या वादळात नव्या शहराचं नाव घेऊन येतो. २०१७ मध्ये हार्वे वादळात तो ह्यूस्टनचा झाला होता. त्यातला शार्क उचललाय २००५ मध्ये छापून आलेल्या, कायाकमागे येणाऱ्या शार्कच्या एका प्रसिद्ध फोटोतून. इमेज सर्चमध्ये टाकला तर जुन्या तारखा लगेच दिसतात. आणि लेखाचा नुसता मथळा वाचून दुवा पुढे ढकलू नका. मथळ्यातली अट बहुधा चौथ्या परिच्छेदात असते.

वाद आधीच बिघडला असेल तर

समोरच्याला ‘फॅनबॉय’ किंवा ‘विकला गेलेला’ म्हटलं की विषय संपला आणि माणूस सुरू झाला. तिथून परत यायचं असेल तर त्याचं म्हणणं एका वाक्यात मांडा आणि विचारा, ‘तुला हेच म्हणायचंय ना?’ तो ‘हो’ म्हणाला तरच उत्तर द्या. बऱ्याचदा तो ‘नाही, मी फक्त जुन्या कन्सोलबद्दल बोलतोय’ असं सांगतो आणि गळालेली अट आपोआप परत येते. त्यानंतरही तो तुमच्या हेतूवरच बोलत राहिला तर सरळ थांबा. शेवटचा शब्द त्याचा राहू दे.

आपलं चुकलेलं लक्षात आलं तर कॉमेंट उडवून टाकू नका. उडवली की खालची उत्तरं अधांतरी लटकतात आणि ज्यांनी आधीच वाचली त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचत नाही. मूळ ओळ तशीच ठेवून तिच्या वर लिहा: ‘दुरुस्ती: हा आकडा जुन्या ड्रायव्हरवरचा होता, नव्यावर ही अडचण येत नाही.’ तारीख टाका. ज्याने चूक दाखवली त्याला तिथेच उत्तर देऊन कळवा.