रविवारच्या टेस्टआधी: कंसातलं आणि कंसाबाहेरचं

रविवारी साडेनऊला कोऑर्डिनेशन कंपाऊंड्सच्या, म्हणजे मधोमध धातू आणि त्याला धरून बसलेले रेणू किंवा आयन अशा संयुगांच्या, नावांची टेस्ट आहे. लालबागच्या आपल्या बॅचचे मागचे पेपर तपासताना दिसलं, की निम्म्या जणांनी नावं पाठ केली होती. एक क्लोरीन इकडचा तिकडे केला आणि पाठांतर आडवं झालं. म्हणून शनिवार रात्रीपर्यंत काय काय करून ठेवायचं, ते सांगते.

सुरुवात पेन्सिलीने. पुस्तकातली वीस सूत्रं घ्या, नाव लिहू नका, नुसता चौकोनी कंस गडद करा. आतले धातूला धरून बसलेत (त्यांनाच लिगंड म्हणतात), बाहेरचे पाण्यात पडले की सुटे होतात. आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये हाच भेद मांडला आणि १९१३ चं नोबेल मिळवलं. कोबाल्ट, पाच अमोनिया आणि तीन क्लोरीन असलेलं ते जांभळट मीठ आठवा. त्याच्या गार द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातलं, की दोनच क्लोरीनचा पांढरा साका बसतो. तिसरा कंसात आहे, तो जागचा हलत नाही. आता नाव वाचा: पेंटाअ‍ॅमीनक्लोरिडोकोबाल्ट, कंसात रोमन तीन (हा धातूवरचा भार), मग क्लोराइड. एकाच नावात क्लोरिडोही आणि क्लोराइडही का, ते उलगडलं ना? हे एक समजलं की अर्धा धडा झाला.

मग गणित. रोमन आकडा नावात धातूनंतर येतो, पण काढायचा सगळ्यात आधी. लॅबमधल्या फेरोसायनाइड आणि फेरीसायनाइडच्या बाटल्यांत दरवर्षी कुणीतरी गफलत करतंच. ‘के फोर, एफई, सीएन होल सिक्स’ घ्या: चार पोटॅशियमचे अधिक चार, सहा सायनाइडचे उणे सहा, म्हणजे लोखंड अधिक दोन. नाव पोटॅशियम हेक्सासायनिडोफेरेट, रोमन दोन. ‘के थ्री’वालं तुम्ही करा. पोटॅशियमच्या आधी ‘टेट्रा’ लावू नका, ती संख्या हिशोबातून आपोआप कळते.

लिगंडची चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहा, मैत्रिणीच्या वहीचा फोटो चालणार नाही. पाणी अ‍ॅक्वा, कार्बन मोनॉक्साइड कार्बोनिल, नायट्रिक ऑक्साइड नायट्रोसिल, आणि अमोनिया अ‍ॅमीन. या अ‍ॅमीनच्या स्पेलिंगमध्ये दोन एम. एका एमचं अमाइन म्हणजे ऑर्गॅनिकमधलं वेगळंच प्रकरण, आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. वहीच्या मागच्या पानावर दहा वेळा लिहा, लाज वाटू देऊ नका. ताईदादांच्या जुन्या गाइडमध्ये क्लोरो, सायनो सापडेल. रसायनांची नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आययूपॅक, तिच्या २००५ च्या शिफारशींनुसार क्लोरिडो, सायनिडो. आपण तेच लिहायचं.

लिगंडचा क्रम इंग्रजी वर्णमालेने, ऋण आहे की उदासीन हे बघायचं नाही. डाय, ट्राय, टेट्रा त्यात मोजत नाहीत, म्हणून टेट्राअ‍ॅमीन आधी आणि डायक्लोरिडो नंतर. अ‍ॅमीन आणि अ‍ॅक्वा दोन्ही ‘ए’चे, तिथे दुसरं अक्षर बघा. इथिलीनडायअमाइनच्या पोटात ‘डाय’ आधीच बसलाय, त्यामुळे तिथे दोनसाठी बिस किंवा तीनसाठी ट्रिस, आणि लिगंडचं नाव गोल कंसात.

कंसावर ऋण भार असेल तरच धातूला शेवटी ‘एट’. फेरेट, क्युप्रेट, अर्जेंटेट, ऑरेट, प्लंबेट, स्टॅनेट ही सहा लॅटिन घराण्यातली, ती मात्र पाठच करा. भार धन असेल किंवा नसेलच, तर साधं आयर्न, साधं कॉपर. टेट्राकार्बोनिलनिकेलला आकडा शून्य, आणि शून्यही लिहायचं असतं. लिगंड आणि धातू यांच्यामध्ये जागा सोडायची नाही, जागा फक्त धन आणि ऋण आयनांच्या मध्ये.

एवढं झालं की एक नाव घरून लिहून आणा. आपल्या वर्गापासून जवळच, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, कर्करोगावर सिसप्लॅटिन देतात. एक प्लॅटिनम, दोन अमोनिया, दोन क्लोरीन, सगळे कंसात, बाहेर कुणी नाही, भार शून्य. नावाच्या आधी ‘सिस’ (सारखे दोघं शेजारीशेजारी) हवं, ते विसरलात तर अर्धा मार्क कापणार.