नसबंदी झाली तरी रिपोर्ट येईपर्यंत कंडोम सोडू नका

पुरुष नसबंदी करून घरी आलात ना, तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून दिवस राहायची भीती संपली असं अजिबात नाही. नळी कापून बांधली तरी त्या जागेच्या पुढे जे शुक्रजंतू आधीच साठलेले असतात ते काही आठवडे वीर्यातून बाहेर पडत राहतात. बरीच जोडपी इथंच फसतात आणि मग दिवस राहिले की घरातले लोक बाईकडे संशयाने बघतात, तिची काही चूक नसताना. मला हे फार लागतं, म्हणून एवढं सांगतोय.

पहिले दोन दिवस आराम करा, बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ शेका आणि लंगोट किंवा घट्ट अंडरवेअर घाला म्हणजे खाली ओढ बसत नाही. आठवडाभर पोती, सिलेंडर उचलू नका, सायकल पण नको.

संबंध कधी? बिनटाक्याची असेल तर काही जणांना दोन-तीन दिवसांनी बरं वाटतं, पण मी पूर्ण आठवडा थांबलो आणि तुम्हालाही तेच सांगेन, घाई करून सूज वाढवून घेण्यात काय अर्थ आहे. बायकोला आधीच सांगून ठेवा की दुखलं तर थांबायचं. हस्तमैथुनालाही हाच नियम. पहिल्या काही वेळा वीर्यात थोडं रक्त, लालसर तपकिरी रंग दिसू शकतो, तेवढ्याने घाबरू नका.

आता महत्त्वाचं. पुढचे 3 महिने दरवेळी कंडोम वापरायचा, नाहीतर बायकोची गोळी किंवा तिचं जे काही साधन चालू असेल ते तसंच चालू ठेवायचं. सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतात, मागायला लाजू नका. 3 महिन्यांनी वीर्य तपासणी करायची, लॅबने दिलेल्या डबीतच नमुना घ्यायचा (कंडोममध्ये नाही, काही कंडोममधल्या औषधाने शुक्रजंतू मरतात), डबी खिशात अंगाजवळ ठेवून तासाभरात पोचवायची. शुक्रजंतू दिसले तर डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतील, तोवर कंडोम चालूच. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून हो म्हटलं की मग मोकळे. आपल्याकडे सरकारी सर्टिफिकेट पण या रिपोर्टनंतरच देतात, त्यामुळे तपासणीला दांडी मारू नका.

कमजोरी येते, ताठरता जाते हे सगळं खोटं आहे. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही, आणि वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा इतका कमी असतो की फरक डोळ्याला दिसतही नाही. मात्र गुप्तरोग, एचआयव्ही यांपासून नसबंदी वाचवत नाही, तिथं कंडोमच लागतो.

ताप आला, पू आला, सूज उतरायच्या ऐवजी वाढतच चालली किंवा रक्त थांबेना, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी जिथं ऑपरेशन झालं तिथं जाऊन दाखवा.