वावर सांभाळून शेअर बाजार शिकताय? या चुका टाळा

2022 च्या उन्हाळ्यात आमच्या हिंगणघाट भागात कापूस क्विंटलमागे 12 हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात गावातल्या बहुतेक घरांत एक खोली कापसानं भरलेली होती. आठ हजारांचा भाव मिळत होता, पण डोक्यात बारा हजार बसले होते, म्हणून कुणी बंडी जुंपेना. माझ्याही घरात छतापर्यंत कापूस होता. उन्हाळा लागला, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, बियाण्याला पैसे लागले आणि सात हजारांच्या आसपास विकावा लागला.

मूठभर कापूस दाबून ओलावा सांगणारी माणसं आम्ही. माल कळत होता, बाजार कळत होता. कमी पडली ती एकच गोष्ट: कोणत्या भावाला विकायचं हे आधी ठरवून लिहून ठेवलेलं नव्हतं. घरी बसून शेअर बाजार शिकायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षात मी हीच चूक पुन्हा केली. तीच चूक आता गावातली तरुण पोरं करताना दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

नुसतं पाहणं म्हणजे अभ्यास नाही

माझा भाचा सहा महिने रोज मोबाइलवर भाव पाहायचा. एखादा शेअर वर गेला की म्हणायचा, "मी म्हटलो होतो ना मामा, हा वाढन म्हणून." तो खोटं बोलत नव्हता. वाढेल असं त्यानं खरंच म्हटलं होतं, फक्त आणखी आठ शेअर्सबद्दलही तेच म्हटलं होतं आणि ते त्याला आठवत नव्हते.

दोनशे पानी वही घ्या. पाचच शेअर निवडा, शक्यतो ज्यांचा धंदा तुम्हाला दिसतो असे: ट्रॅक्टर, खत, कीटकनाशक, बँक. रोज संध्याकाळी तारीख, बंद भाव आणि व्हॉल्यूम लिहा. आपण बाजार समितीतून येणाऱ्याला भाव विचारतो, तशी आवकही विचारतोच ना? आवक न कळता भाव अर्धाच कळतो. शेअर बाजारात किती माल हातातून हातात गेला हे व्हॉल्यूम सांगतो.

त्यापुढे तीन रकाने आखा: पंधरा दिवसांत काय होईल असं वाटतं, कशावरून वाटतं, आणि भाव कुठे गेला तर माझं चुकलं असं मानायचं. तिसरा रकाना भरताना हात अडतो. तो भरल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नका. पंधरा दिवसांनी लाल पेनानं निकाल लिहा. तीन महिन्यांनी माझी वही उघडली तर निम्म्याहून कमी अंदाज बरोबर होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकलेल्या बहुतेक नोंदींपुढे कारण एकच होतं: "खूप पडला आहे, आता वर येईल." घरातल्या कापसाचंच कारण ते. वही नसती तर ही खोड मला दिसलीच नसती.

शेअरची फरदड घेऊ नका

डिसेंबरनंतर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) न उपटता फरदड, म्हणजे त्याच झाडांचं उशिराचं पीक, घेतली की चार बोंडं जास्त मिळतात आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं, हे 2017 च्या बोंडअळीनंतर आपल्याला कुणी शिकवायची गरज उरली नाही. पडत्या शेअरमध्ये पैसे घालत राहणं हे मला तसंच वाटतं.

हिशेब पाहा. 200 रुपयांना 10 शेअर घेतले. 160 वर आणखी 10, 120 वर 20. आता 40 शेअर, सरासरी 150, गुंतले 6 हजार. मोबाइलवर सरासरी खाली आलेली दिसते आणि मनाला बरं वाटतं. भाव 90 झाला की तोटा 2,400 रुपये. पहिले 10 च ठेवले असते तर 1,100 वर थांबला असता. कंपनीचा ताळेबंद वाचून, आधीच ठरवून टप्प्याटप्प्यानं खरेदी करणं वेगळं. तोटा पाहवत नाही म्हणून घेत जाणं म्हणजे फरदड. पहिली खरेदी करतानाच वहीत लिहा: या भावाखाली पऱ्हाटी उपटायची.

स्टॉपलॉस डोक्यात ठेवणं

स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला की विकून तोटा थांबवणं. "पडला तर विकून टाकू" असं ठरवून वावरात जाणाऱ्याचा फोन बांधावर रेंज सोडतो. वादळात लाइन जाते, मग टॉवरही जातो. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे नेमका डवरणी-फवारणीच्या वेळेत. ऑर्डर सिस्टीममध्येच टाकून ठेवा. रोजचा स्टॉपलॉस त्या दिवसापुरता असतो. अनेक ब्रोकरांकडे जीटीटी नावाची सोय आहे, ती ऑर्डर भाव लागेपर्यंत किंवा ब्रोकरनं ठरवलेली मुदत संपेपर्यंत टिकते. ब्रोकरचा फोनवरून व्यवहार करायचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, अ‍ॅप बंद पडलं की तोच कामाचा.

आणि स्टॉपलॉस लावला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. 4 जून 2024 ला लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक) जवळपास 6 टक्के पडून बंद झाला, तोही आदल्या दिवशी 3 टक्क्यांहून जास्त चढल्यावर. अशा दिवशी भाव तुमच्या आकड्यावर न थांबता उडी मारून खाली जातो. अमुक भावाखाली विकायचं नाही अशी लिमिट लावलेला स्टॉपलॉस मग तसाच पडून राहतो. म्हणून मोठ्या निकालाच्या आदल्या दिवशी माल कमी ठेवावा.

माझं मत स्पष्ट आहे: ज्याला दिवसा शेतीचं काम आहे, त्यानं इंट्राडेनं (त्याच दिवशी घेऊन विकणं) शिकायला सुरुवात करू नये. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर आपल्या खात्यात ठेवायला, घ्यावं आणि संध्याकाळी वही पाहावी.

वहीत भाव अचानक दहापट घसरला?

घाबरू नका, आधी स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) किंवा बोनस (कंपनीनं फुकट दिलेले जादा शेअर) तपासा. जानेवारी 2024 मध्ये नेस्ले इंडियाचा 27 हजारांच्या आसपासचा शेअर एका रात्रीत 2,700 च्या आसपास दिसू लागला. एका शेअरचे दहा झाले होते, कुणाचं काही गेलं नव्हतं. ऑक्टोबर 2024 मध्ये रिलायन्सनं एकास एक बोनस दिला तेव्हा भाव निम्मा दिसला. अ‍ॅपवरचा जुना चार्ट आपोआप दुरुस्त होतो, आपली वही होत नाही. त्या तारखेला आडवी रेघ मारून जुने आकडे भागून घ्या.

विकायला गेलो, ऑर्डरच नाकारली

बहुतेक वेळा टीपिन, म्हणजे खात्यातले शेअर विकायला परवानगी देणारा गुप्त आकडा, दिलेला नसतो. शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएल या संस्थेचा टीपिन आधी मागवून ठेवा, नाहीतर ब्रोकरकडे डीडीपीआय (विक्रीची कायमची लेखी परवानगी) भरून द्या. ऐन पडझडीत ओटीपीची वाट पाहायची वेळ येऊ नये.

शिकण्यासाठी एकेक शेअर घेणाऱ्यांनी खर्चही पाहावा. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना दोन्हीकडे 0.1 टक्का एसटीटी हा सरकारी कर लागतो. शिवाय डिमॅटमधून (शेअर ठेवायच्या खात्यातून) माल बाहेर काढताना डीपी चार्ज लागतो, ब्रोकरनुसार साधारण पंधरा-वीस रुपये, मग शेअर एक असो की शंभर. 300 रुपयांचा एकच शेअर विकला तर तिथंच पाच टक्के गेले. हमाली-तोलाई न विचारता आपण माल काट्यावर चढवतो का?

ऑप्शन "स्वस्त" आहे म्हणून

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. तो दोन हजारांत मिळतो म्हणून पोरं तिकडे वळतात. त्या दोन हजारांमागचा सौदा लाखोंचा असतो. नोव्हेंबर 2024 पासून तर निफ्टीसारख्या इंडेक्सच्या नव्या कॉन्ट्रॅक्टची किंमत किमान 15 लाख हवी असा नियम आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा हिशेब काढला तेव्हा फ्युचर-ऑप्शनमध्ये (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात होते, सरासरी माणशी सुमारे 2 लाख. आपल्याकडे 2 लाख म्हणजे बैलजोडी आणि वर खरिपाचा खर्च. शिकायचंच असेल तर कागदावर शिका.

टेलिग्रामवरच्या टिप्सबद्दल एकच सांगतो. सल्ला देणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक आयएनएचनं, तर गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएनं सुरू होतो. तो सेबीच्या वेबसाइटवर टाकून नाव जुळतं का पाहा. जुळलं नाही तर ग्रुप सोडा.

कोणता पैसा?

पीककर्जाचा कधीच नाही. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज लागत नाही, म्हणून काहींना तो फुकटचा पैसा वाटतो. पण फेडीची तारीख जवळ आली की शेअर पडलेल्या भावात विकावा लागतो, बियाण्यासाठी कापूस विकावा लागला तसाच. मी वर्षभर फक्त वही भरली. नंतर तूर विकून, किराणा आणि शाळेची फी बाजूला काढून 12 हजार उरले, तेवढ्यानं पहिली खरेदी केली. त्या पानावर तिसरा रकाना आधी भरला होता.